घरची बिअर, हातभट्टी आणि मिथेनॉल: धोका नेमका कुठे?

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्कात मोठी वाढ केली. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचार पटींवर गेले. देशी दारूवरील शुल्क प्रूफ लिटरमागे १८० रुपयांवरून २०५ रुपये झाले. बिअर आणि वाइन यांना या वाढीतून वगळण्यात आले. निर्णय महसुलासाठी होता, त्यामुळे चर्चाही मुख्यतः महसुलाचीच झाली. आरोग्याच्या दृष्टीने मात्र एक जुना प्रश्न अशा प्रत्येक वेळी नव्याने उभा राहतो. दारू महाग झाली किंवा मिळेनाशी झाली, की पिणारा माणूस काय करतो?

बरेच जण कमी पितात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना मद्यावरील कर हे व्यसन आटोक्यात ठेवण्याचे एक प्रभावी साधन मानते. पण काही जण दुसरी वाट शोधतात. २०२० च्या टाळेबंदीत दक्षिण आफ्रिकेने मद्यविक्री बंद केली, तेव्हा तिथे अननसाला अचानक मागणी आली. लोक घरी अननसाची बिअर करू लागले होते. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या सुरुवातीला तुर्कस्तानात इस्तंबूल आणि अंकारा इथे भेसळयुक्त दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. जबर करांमुळे तिथे अनेक जण बाजारातून अल्कोहोल आणून घरीच दारू ‘तयार’ करतात. आणि फार लांब जायला नको. एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दारूची दुकाने बंद असताना सॅनिटायझर प्यायल्याने सात जणांचा जीव गेला.

वरवर पाहता या तिन्ही घटना एकाच माळेतल्या वाटतात. दुकानाची दारू नाही, म्हणून लोकांनी आपली सोय आपण केली. पण अननस आंबवणे, बाजारातले अल्कोहोल बाटलीत भरणे आणि सॅनिटायझर पिणे या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतला फरक रसायनशास्त्राचा आहे आणि तो न कळण्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागते.

छंद नवा, मनाई जुनी

पुण्या-मुंबईत मायक्रोब्रूअरींचे पेव फुटले, त्याला आता दीड दशक झाले. त्यातून ताज्या बिअरची चव कळलेला एक वर्ग तयार झाला आणि त्यातल्या काहींना ती घरी करून पाहण्याची हौस वाटू लागली. चार-पाच लिटरचा काचेचा बुधला, हवा बाहेर सोडणारी पण आत न येऊ देणारी छोटी नळी, यीस्टची पुडी, माल्ट आणि हॉप्स हे सारे साहित्य ऑनलाइन मागवता येते. साहित्य विकत घेण्यात गैर काही नाही. त्यापासून बिअर करणे हा मात्र महाराष्ट्रात विनापरवाना गुन्हा आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ मधील ‘मद्य’ या शब्दाच्या व्याख्येत स्पिरिट, वाइन, बिअर आणि ताडी सारेच येते आणि परवान्याशिवाय मद्यनिर्मितीला मनाई आहे. स्वतःपुरती केलेली पाच लिटर बिअर आणि विक्रीसाठी लावलेली हातभट्टी या दोहोंना ही मनाई सारखीच लागू होते.

जगात इतरत्र कायद्याने या दोन गोष्टींत भेद केला आहे. ब्रिटनने १९६३ मध्ये घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना रद्द केला. अमेरिकेत १९३३ मध्ये दारूबंदी उठली, पण घरी बिअर करण्याला मोकळीक मिळायला आणखी ४५ वर्षे लागली. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने एका प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या कुटुंबाला २०० गॅलन बिअर विनाकर करण्याची मुभा दिली. विक्रीला मात्र बंदी राहिली आणि घरी दारू गाळण्यावरची बंदीही उठली नाही. आंबवणे चालेल, गाळणे नाही, अशी ही रेघ होती. तरीही अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी घरच्या बिअरला परवानगी दिली ती थेट २०१३ मध्ये.

भारतात रेघ वेगळ्या ठिकाणी आहे. मद्य हा राज्यांचा विषय असल्याने नियमही राज्यागणिक बदलतात. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये अनुसूचित जमातींना स्वतःच्या वापरासाठी पारंपरिक मद्य ठराविक प्रमाणात करण्याची सूट आहे. मोहाची दारू तर गाळलेलीच असते. म्हणजे आपल्याकडे सूट ठरते ती परंपरेवरून. पेय आंबवलेले आहे की गाळलेले, यावरून नाही. त्यामागे सामाजिक न्यायाची भूमिका आहे आणि ती रास्त आहे. पण आरोग्याचा प्रश्न त्याने सुटत नाही.

आंबवणे आणि गाळणे

बिअरचे मूळ तत्त्व इडलीचे पीठ फुगते त्याहून फार वेगळे नाही. सूक्ष्मजीव धान्यातल्या साखरेवर जगतात आणि त्यांच्या खाण्यातून वायू बाहेर पडतो. बिअरसाठी मोड आणून वाळवलेले बार्ली, म्हणजे माल्ट, भरडून सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवतात. या तापमानाला धान्यातली विकरे पिष्टाची साखर करतात. गाळून घेतलेले गोड पाणी हॉप्सच्या वाळवलेल्या फुलांबरोबर तासभर उकळतात. हॉप्समुळे कडवटपणा आणि सुगंध येतो, शिवाय काही जिवाणूंना आळाही बसतो. मग हे पाणी थंड करून त्यात यीस्ट सोडतात. पुढचे आठ-दहा दिवस यीस्ट साखर खाते आणि वजनाने जवळपास निम्म्या साखरेचे इथेनॉल, तर निम्म्या साखरेचा कार्बन डायऑक्साइड वायू होतो. शेवटी बाटलीत किंचित साखर घालून बूच लावले की तिथेच फेस तयार होतो.

हातभट्टीत याच्या पुढचा एक टप्पा असतो. गूळ आणि नवसागर घालून आंबवलेले जे द्रावण असते, पोलिसी पंचनाम्यात ज्याला ‘रसायन’ म्हणतात, ते पिंपात तापवून त्याची वाफ थंड करतात आणि दारू गाळून घेतात. या ऊर्ध्वपातनात अल्कोहोलचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. पेटती भट्टी आणि ज्वालाग्राही वाफ यांमुळे आगीचा धोका येतो आणि मूळ द्रावणात नको ते काही असेल, तर तेही एकवटण्याची शक्यता असते. पाच टक्क्यांची बिअर एका बैठकीत जीवघेण्या प्रमाणात पिणे अवघड असते, चाळीस टक्क्यांच्या दारूचे तसे नाही. दोन्हींतला भेद करणे म्हणूनच शास्त्राला धरून आहे.

अंधत्व येते कशामुळे?

‘घरची दारू प्यायली की डोळे जातात’ ही भीती सर्वदूर आहे आणि ती निराधार नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणी भागात शंभराहून अधिक माणसे दगावली. जुलै २०२२ मध्ये गुजरातच्या बोटाद परिसरात चाळीसहून अधिक, जून २०२४ मध्ये तमिळनाडूतल्या कल्लाकुरिची इथे साठहून अधिक आणि मे २०२५ मध्ये पंजाबात अमृतसरजवळच्या मजिठा भागात वीसहून अधिक जणांचा बळी गेला. या सगळ्यांमागे एकच रसायन होते, मिथेनॉल.

मिथेनॉल हे इथेनॉलचे भावंड. दिसायला आणि वासाला जवळजवळ तसेच, पण शरीरात गेल्यावर त्याची वाट वेगळी होते. यकृतातले विकर आधी त्याचे फॉर्माल्डिहाइड करते आणि पुढे त्याचे फॉर्मिक आम्ल होते. हे आम्ल पेशींची ऊर्जा तयार करणारी यंत्रणाच बंद पाडते. दृष्टीच्या चेतातंतूला ऊर्जा सतत लागत असल्याने पहिला फटका डोळ्यांना बसतो. साधारण १० मिलिलिटर शुद्ध मिथेनॉलने कायमचे अंधत्व येऊ शकते आणि ३० मिलिलिटरने मृत्यू.

हे बिअरमध्ये तयार होत नाही का? होते, पण नाममात्र. आंबवताना मिथेनॉल येते ते मुख्यतः फळांतल्या पेक्टिनपासून, ज्याच्यामुळे जॅम घट्ट होतो त्या घटकापासून. धान्यात पेक्टिन फारच कमी असते, त्यामुळे बिअरमध्ये मिथेनॉल लिटरमागे मिलिग्रॅममध्ये मोजावे लागते. ते लिटरला २० मिलिग्रॅम धरले, तरी अंधत्व आणणारे १० मिलिलिटर पोटात जाण्यासाठी सुमारे ४०० लिटर बिअर प्यावी लागेल. त्यातही बिअरमधले भरपूर इथेनॉल हेच मिथेनॉलवर उतारा म्हणून काम करते, कारण यकृतातले विकर आधी इथेनॉलला हात घालते.

मग मालवणीत, बोटादमध्ये मिथेनॉल आले कुठून? ते भट्टीत तयार झालेले नव्हते, पिंपातून आणलेले होते. रेझिन, रंग, औषधे, द्रावके अशा अनेक उद्योगांना मिथेनॉल टनांनी लागते आणि ते पिण्याच्या अल्कोहोलपेक्षा स्वस्त असते, कारण त्यावर मद्याचा कर नसतो. बोटादच्या प्रकरणात ते अहमदाबादच्या एका गोदामातून चोरलेले होते. मजिठाच्या प्रकरणात ते ऑनलाइन मागवल्याचे पोलिसांनी सांगितले. विक्रेत्यांनी त्यात पाणी घालून ते दारू म्हणून विकले. अशा ठिकाणी काही आंबवण्याचा किंवा गाळण्याचा प्रश्नच येत नाही. बळी गेलेल्या माणसांनी ‘गावठी दारू’ नव्हे, तर पातळ केलेले औद्योगिक रसायन प्यायले होते.

घरच्या बिअरचे स्वतःचे धोके

याचा अर्थ घरची बिअर निर्धोक आहे असा नाही. तिचे धोके वेगळे आहेत आणि मिथेनॉलच्या भीतीआड ते झाकले जातात.

पहिला धोका बाटलीचा. आंबण्याची क्रिया पुरती होण्याआधीच बाटल्या भरल्या, तर उरलेली साखर आतल्या आत आंबत राहते. चार ग्रॅम साखर म्हणजे चहाचा एक चमचा. तिच्यापासून सुमारे एक लिटर वायू तयार होतो. लिटरभर बिअरमध्ये अशी तीन-चार चमचे जादा साखर शिल्लक असेल, तर साध्या काचेच्या बाटलीला तो दाब पेलत नाही आणि ती फुटून काचांचे तुकडे उडतात. मराठवाडा-विदर्भाच्या उन्हाळ्यात हा धोका आणखी वाढतो, कारण गरम द्रवात वायू कमी विरघळतो. आंबणे थांबले की नाही हे हायड्रोमीटर नावाच्या साध्या काचेच्या उपकरणाने कळते. लागोपाठ दोन-तीन दिवस घनता तीच राहिली, तरच बाटली भरायची असते.

दुसरा धोका ताकदीचा. दुकानातल्या बाटलीवर अल्कोहोलचे प्रमाण छापलेले असते, घरच्या बाटलीवर नसते. पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटर बिअरमध्ये सुमारे २० ग्रॅम इथेनॉल असते, तर आठ टक्क्यांच्या तेवढ्याच बिअरमध्ये सुमारे ३२ ग्रॅम. ग्लास तोच, चव जवळपास तीच, मात्रा दीडपटीहून जास्त. ‘एकच तर प्यायलो’ म्हणून गाडीला किल्ली लावणाऱ्याचा हिशेब इथेच चुकतो. चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे, ती ओलांडायला फार काही लागत नाही.

तिसरा धोका सूक्ष्मजीवांचा आणि तो सर्वांत कमी चर्चिला जातो. नीट आंबलेली बिअर आम्लधर्मी असते, तिचा पीएच साधारण ४ ते ४.५ असतो. त्यात अल्कोहोल, हॉप्स आणि कार्बन डायऑक्साइड असतो, प्राणवायू जवळपास नसतो. एवढ्या अडथळ्यांतून आजार पसरवणारे जिवाणू सहसा वाढत नाहीत. बिघडलेली बिअर आंबट लागते, पण बहुधा आजारी पाडत नाही. मात्र हे संरक्षण मिळते ते आंबून झाल्यावर. उकळून तसेच हवाबंद ठेवलेले गोड पाणी किंवा वाटेल ते पदार्थ घालून आंबवलेले द्रावण यांना ते लागू होत नाही. अमेरिकेतल्या युटा राज्यात २०११ मध्ये तुरुंगातल्या आठ कैद्यांना चोरून आंबवलेल्या दारूतून बॉट्युलिझम झाला. त्या दारूत भाजलेला बटाटा घातला होता आणि त्यातून घातक जिवाणू आला होता.

याहून भीषण उदाहरण मोझांबिकचे आहे. जानेवारी २०१५ मध्ये तेते प्रांतातल्या चितिमा गावात एका अंत्यविधीनंतर लोकांनी ‘पोंबे’ ही मक्याच्या पिठाची पारंपरिक घरगुती बिअर प्यायली. २३० हून अधिक जण आजारी पडले, ७५ जण गेले. बिअर करणारी बाईही त्यात दगावली. आधी मगरीचे पित्त कालवल्याची वदंता पसरली. तपासात निघाले ते वेगळेच. पीठ पुरात भिजून खराब झालेले होते. त्यात वाढलेल्या ‘बर्कहोल्डेरिया ग्लॅडिओली’ या जिवाणूने बाँगक्रेकिक आम्ल नावाचे विष तयार केले होते. त्याला ना चव, ना वास, आणि उकळूनही ते नष्ट होत नाही. हा दोष आंबवण्याच्या कलेचा नव्हता, धान्याचा होता. भिजलेले, बुरसटलेले धान्य भाकरीला चालत नाही, तसे ते बिअरलाही चालत नाही.

या साऱ्यांपलीकडे एक धोका घरच्या आणि दुकानाच्या बिअरमध्ये भेद करत नाही. मद्य कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नोंदवले आहे आणि मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. घरी केलेली बिअर ‘नैसर्गिक’ म्हणून पौष्टिक ठरत नाही. उलट फ्रिजमध्ये पाच लिटर तयार असताना पिणे वाढण्याचीच शक्यता जास्त. घरात वयाचा दाखलाही कोणी विचारत नाही.

लक्ष कशावर हवे?

धोके असे वेगवेगळे मांडले, की उपायही वेगळे दिसू लागतात. बाटली फुटणे, ताकदीचा अंदाज चुकणे, खराब धान्य वापरणे हे माहितीने टळणारे धोके आहेत. पण जी गोष्ट गुन्हा आहे, तिची सुरक्षित रीत उघडपणे कोण शिकवणार? माहिती मग अर्धवट व्हिडिओंतून मिळते. त्यात आंबवण्याच्या शेजारीच गाळण्याचेही धडे असतात आणि पाहणाऱ्याला दोन्हींतला फरक कळत नाही. घरच्या बिअरला मर्यादित मुभा द्यावी की नाही, हा राज्याने ठरवायचा प्रश्न आहे. दारूबंदीची घटनात्मक दिशा, घराघरांतले व्यसन आणि महिलांची दारूविरोधी आंदोलने पाहता त्यावर मतभेद राहणारच. तो निर्णय कोणताही झाला, तरी तो मिथेनॉलच्या भीतीवर आधारलेला नसावा.

मिथेनॉलवरचा उपाय भट्टी फोडण्यात नाही, पिंपाचा माग ठेवण्यात आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने, राज्यसूचीतल्या ‘मादक मद्य’ या संज्ञेत औद्योगिक अल्कोहोलही येते, असा निकाल दिला. पिण्यासाठी गैरवापर होऊ शकणाऱ्या अल्कोहोलवर नियंत्रण ठेवण्याचा राज्यांचा अधिकार त्याने पक्का झाला. कारखान्यात किती मिथेनॉल आले, किती वापरले, किती उरले आणि ऑनलाइन कोणी किती मागवले, याचा चोख हिशेब ठेवला, तर पुढची मालवणी टळू शकते. राज्य उत्पादन शुल्क विभागाचे मनुष्यबळ मर्यादित आहे. ते गुळाचे रसायन ओतून देण्यात खर्च व्हायचे की टँकरच्या मागावर, हा प्राधान्याचा प्रश्न आहे.

दुसरी तयारी रुग्णालयांची हवी. मिथेनॉलची विषबाधा वेळेत ओळखली तर बरी होऊ शकते. फोमेपिझोल हे औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २०१३ पासून आहे. ते नसेल तर वैद्यकीय देखरेखीखाली इथेनॉल देतात आणि गरज पडल्यास डायलिसिस करून विष काढतात. अडचण वेळेची असते. प्यायल्यानंतर पहिले १२ ते २४ तास साध्या नशेपलीकडे फारसे काही जाणवत नाही. मग पोटात दुखते, उलट्या होतात, श्वास जोरात चालतो आणि डोळ्यांपुढे धुके किंवा बर्फ पडल्यासारखे दिसू लागते. ‘उतरेल रात्रीतून’ म्हणून झोपवलेला माणूस सकाळी उठत नाही. बिहारमध्ये सारण जिल्ह्यात डिसेंबर २०२२ मध्ये चाळीसहून अधिक जण दगावले, तेव्हा पोलिसांच्या भीतीने काही कुटुंबांनी दारूचा उल्लेखच टाळल्याच्या बातम्या आल्या होत्या. दारूबंदीच्या राज्यात डॉक्टरांना खरे सांगणेही जोखमीचे वाटते आणि डायलिसिसचे तास त्यातच निघून जातात.

म्हणून अशा वेळी घरच्यांनी एवढे लक्षात ठेवावे. दारू प्यायलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी अंधुक दिसू लागले, तर ती नशा नव्हे, विषबाधा समजावी. त्याला ताबडतोब डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि तो काय, किती आणि केव्हा प्यायला, हे डॉक्टरांना न लपवता सांगावे. त्याच्याबरोबर तीच दारू प्यायलेल्या इतरांनाही, त्यांना अजून काही होत नसले तरी, सोबत न्यावे. मालवणीसारख्या प्रसंगात एकाच पिंपातली दारू अनेक घरांत गेलेली असते आणि पहिल्या रुग्णाचे निदान लवकर झाले, तर बाकीच्यांसाठी उपचाराला वेळ उरतो.